गळका नळ आणि राणीचा प्रश्न

राजा मकरंदसेनाच्या स्नानाच्या हौदातलं पाणी लवकर निवायचं, लाकडं मात्र ढीगभर जळायची. म्हणून प्रधान भैरवपंतांनी हौदाच्या भिंती आणि नळ, सगळंच भुसा-चुन्यात जाड लिंपून टाकलं. पाणी दिवसभर गरम राहू लागलं.

पण एक नळ गळू लागला. कुठे, ते शोधायला सगळं लिंपण फोडावं लागणार होतं. पंतांनी नळ बसवणाऱ्या कारागिराला कैदेत टाकायला सांगितलं.

राणी हेमांगीने कुतूहलाने विचारलं, "पंत, थंडीतला अंगरखा तुम्ही अंगावरच शिवून घेता का?"

"छे! त्याला बंद असतात, राणीसाहेब. काढता यायला नको?"

"मग हौदाच्या अंगरख्याला बंद का नाही ठेवलेत?"

राजा खळखळून हसला. कारागीर सुटला, आणि लिंपण फोडून त्याने गळका नळ दुरुस्त केला आणि हौदाभोवती, नळांभोवती भुशाच्या गाद्या बांधल्या. त्यांच्या गाठी पंतांनाही सोडता येत होत्या.