अंबुर्ड्याच्या चुली

अंबुर्डे गावाच्या पूर्वेला एक बोडकी टेकडी आहे. माघी पौर्णिमेच्या सकाळी तिच्यावरून पाहिले, तर गावातल्या प्रत्येक घरातून धूर निघताना दिसतो. वर्षभर कुलूप असलेल्या घरांतूनसुद्धा. पाहुण्यांनी गावाची वस्ती विचारली, की म्हातारे बाळोबा गुरव त्यांना इथे आणतात आणि ही हकिकत सांगतात. खरे-खोटे देव जाणे, असेही आधीच म्हणून ठेवतात.

फार पूर्वी गावात पटकीची साथ आली आणि निम्मी घरे ओस पडली. त्या काळी, म्हणे, वस्ती चुलीच्या धुरावरून मोजत. धूर थोडे दिसले, तर गाव बेचिराग ठरे आणि त्याच्या तळ्याचे पाणी शेजारच्या गावाला जाई. मोजणीला सरकारी कारभारी येणार, अशी वर्दी आली. गावातर्फे बेलभंडार उचलून शपथ घ्यायची ती नारोशास्त्र्यांनी.

पाटील म्हणाले, "त्यात काय! रिकाम्या घरांत गोवऱ्या पेटवू."

"धूर तुम्ही कराल, पाटील. शपथ मला घ्यायचीय."

शास्त्री विद्वान, पण मोठे घाबरट. त्यांना अन्न गोड लागेना. नदीकाठी दुष्काळातून आलेली वडार, धनगर, कोष्टी अशी बिऱ्हाडे उतरली होती. शास्त्री तिकडे निघाले, अर्ध्या वाटेवरून परत फिरले, पुन्हा निघाले.

"गावात घरं आहेत, तळं आहे," ते म्हणाले. "या, चुली पेटवा आणि इथलेच व्हा."

यल्लव्वा वडारीण हसली. "लोकांची घरं वाटताय, बुवा. तुमच्या घरात आमची चूल चालंल का?"

शास्त्र्यांच्या घरातला भावाचा सोपा साथीपासून रिकामाच होता.

"गावच उरलं नाही, तर सोवळं वाळत कुठं घालू?" ते शेवटी म्हणाले. "ये बाई."

"येते. ऱ्हायचं का न्हाई, ते बघून ठरवीन."

पौर्णिमेला कारभारी टेकडीवर चढला. खाली घराघरातून धूर निघत होता. त्याने भुवया चढवल्या. "हे सगळे तुमच्याच गावचे?"

शास्त्र्यांचा हात बेलापाशी थांबला. आलेली माणसे संध्याकाळी गाढवे लादून निघून गेली, तर शपथ खोटी ठरणार. न घ्यावी, तर तळे जाणार. त्यांनी भीत भीत स्वतःच्या घराकडे पाहिले. अंगणात यल्लव्वा पहारीने खड्डा खणत होती. तिने गाढवावरचे जाते उतरवले, खड्ड्यात बसवले आणि भोवतीची माती पायांनी ठोकून पक्की केली.

वाटेवरचा माणूस जाते रोवत नाही.

शास्त्री कारभाऱ्याकडे वळले. "सगळे आमचेच," ते म्हणाले, आणि त्यांनी बेलभंडार उचलला.

तळे राहिले, गाव राहिले. एवढ्याशा अंबुर्ड्यात इतक्या जातींच्या आळ्या आहेत त्या तेव्हापासून, असे सांगतात.

आजही पोटापाण्यासाठी शहरात गेलेली माणसे घराची किल्ली दुसऱ्या आळीत ठेवून जातात, आणि पौर्णिमेला त्या आळीतले कुणीतरी येऊन त्यांची चूल पेटवते. बाळोबांच्या लेकाचेही घर बंदच असते. हकिकत सांगताना त्यांची नजर तिकडेच असते. तिथून धुराची रेघ वर आली, की ते पाहुण्यांना म्हणतात, "चला आता, खाली चहा झाला असेल."