माडांपलीकडचं पाणी

फार जुनी गोष्ट. साल विचारू नका, सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नाही. एका समुद्राच्या काठाला सात गावं होती. सातही मासेमारांची, आणि सातही स्वतःला शहाणी समजणारी.

त्यांचा एक नियम होता. मासे अंडी घालतात त्या दोन महिन्यांत कुणी जाळं टाकायचं नाही. नियम कडक होता, पण किनाऱ्यावरचे माड दिसतात तिथपर्यंतच. त्यापुढचं पाणी कुणाचंच नाही, म्हणून तिथे नियमही नाही. मग काय, बंदीच्या दिवसांत सातही गावांच्या होड्या सोवळ्यानं वल्हवत जायच्या आणि माडाचा शेवटचा शेंडा दिसेनासा झाला की जाळी टाकायच्या. नियम मोडल्याचं पाप कुणालाच लागत नव्हतं. माशांना तेवढी ही हद्द कुणी सांगितली नव्हती.

यातल्या एका गावात एक म्हातारा तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. माडांपलीकडे सगळ्यांत आधी जाळं पडायचं ते त्याचंच. एका वर्षी त्यानं जाळं ओढलं तर ते निम्मं रिकामं, आणि आलेल्या एकूण एक मासळीचं पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं. त्याला धस्स झालं. आपण किनारा राखत होतो, आणि मासे वाढत होते ते इथे.

त्या दिवसापासून त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. घास घशाखाली उतरेना, एका जागी बसवेना. घरचे म्हणाले, वय झालं. त्यानं बाकीच्या सहाही गावांचे उंबरठे झिजवले. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि प्रत्येकानं सांगितलं की आधी इतरांनी थांबावं, मग आम्ही आहोतच. सभा कुणाच्या किनाऱ्यावर घ्यायची यावरच पंधरा दिवस भांडण झालं. शेवटी सात होड्या भर समुद्रात नेऊन एकमेकींना बांधल्या आणि सभा तिथेच भरली.

माडांपलीकडेही बंदी हवी, हे सगळ्यांना पटलं. पण मोडणाऱ्याला अडवायचं कुणी? परक्या गावाचा हात आपल्या होडीला लागलेला कुणालाच खपणार नव्हता. होड्या डुचमळत होत्या, माणसं गुरगुरत होती. तेव्हा तांडेल उठून उभा राहिला.

"आमच्या गावची होडी चुकली तर तुम्ही अडवा," तो म्हणाला. "आमच्या किनाऱ्यावर ओढून आणा आणि वर्षभर पालथी घाला. आम्ही आडवे येणार नाही. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मग शरमेनं म्हणा किंवा ईर्ष्येनं, बाकीच्या सहांनीही एकेक करून तेच कबूल केलं.

तरी त्याचं मन शांत होईना. बंदी लागली तशा त्याच्या किनाऱ्यावर येरझाऱ्या सुरू झाल्या. कुठलं गाव आधी शब्द मोडेल, हाच घोर. सहा गावांवर त्याची नजर होती, आणि स्वतःच्या घरात काय चाललंय तिकडे लक्ष नव्हतं. घरात सून बाळंत झाली होती आणि तांदूळ संपत आला होता.

आठव्या दिवशी परगावच्या पहारेकऱ्यांनी एक होडी ओढत त्याच्याच किनाऱ्यावर आणली. आत त्याचा मुलगा मान खाली घालून बसला होता.

अख्खं गाव वल्ही उगारून धावलं. पहारेकरी चौघंच होते. ते जागचे हलले नाहीत, फक्त तांडेलाकडे बघत राहिले.

"बाबा, घरात खायला काही नाही," मुलगा म्हणाला. "आणि आपली होडी ही एकच."

"ठाऊक आहे मला," तांडेल म्हणाला. पोराचा राग आला असता तर सोपं होतं. त्याची कीव येत होती. तो गावकऱ्यांकडे वळला. "वल्ही खाली ठेवा. यांना हा हक्क मी दिलाय. आज परत घेतला, तर ते पाणी पुन्हा कुणाचंच नाही."

आणि होडी पालथी घालायला पहिला खांदा त्यानंच लावला.

बातमी दिवस मावळायच्या आत सातही गावांत पोचली. पहिली होडी कुणाची शिक्षेवाचून सुटते याची वाट बघत कितीतरी जण जाळी घेऊन तयार बसले होते. त्यांनी ती गुपचूप घरात नेली.

तांडेलाच्या घरानं ते वर्ष दुसऱ्यांची जाळी विणून आणि पेज पिऊन काढलं. नातू अशक्तच राहिला, ते त्याला मरेपर्यंत सलत होतं. पण तिसऱ्या वर्षी मासळी अशी आली की माड दिसत असतानाच सातही गावांच्या होड्या भरल्या, आणि पलीकडे जायची कुणाला गरजच उरली नाही.

जे कुणा एकाचं नाही ते राखायचं असेल, तर आधी स्वतःला अडवायचा हक्क दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो.