ससुलीच्या पायांतलं गाणं

एका जंगलात एक मैनाबाई राहत असत आणि त्यांच्या गाण्याच्या वर्गात चुकायची कुणाची टाप नव्हती, बरं का मुलांनो! वर्गाचे नियम दोनच. गाताना डोळे मिटायचे, म्हणजे मन इकडेतिकडे भटकत नाही. आणि बसायचं मऊ हिरवळीवर, म्हणजे कुणाच्या पायांचा आवाज होत नाही. याच नियमांवर बाईंनी आजवर कितीतरी पिल्लांना गाणं शिकवलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्या वर्षी वर्गात एक ससुली आली. कान हे एवढे लांब, पण जन्मापासून तिला त्यांनी काही ऐकू येत नसे. समोरच्याचं तोंड आणि खुणा बघून ती सगळं समजून घेई, बोलेही छान. पण डोळे मिटले की संपलं! बाकीचे थांबले तरी हिचं आपलं चालूच. मग पिल्लं फिदीफिदी हसत. जंगलाचं गाण्याचं संमेलन आठ दिवसांवर आलं, तेव्हा मैनाबाईंनी तिला बाजूला घेतलं. "ससुले, तू यंदा पाहुण्यांना फुलं दे हो. तेही मानाचंच काम आहे." ससुली नुसतं "बरं" म्हणाली आणि हिरवळीच्या कडेला एक पोकळ ओंडका पडला होता, त्यावर जाऊन बसली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी ते पाहिलं, पण करणार काय? त्या वर्गाकडे वळल्या.

तेवढ्यात सुतारपक्षी आला, नेहमीसारखा उशिरा. वर्गाला ठेका धरून देणारा तोच. बाई ओरडतील म्हणून गुपचूप ओंडक्याच्या टोकावरच बसला आणि चोचीने ठेका धरू लागला. टक टक टकटक! वर्ग डोळे मिटून गाऊ लागला आणि थोड्याच वेळात मैनाबाईंना आणखी एक ठेका ऐकू आला. धप धप धपधप! "कोण रे ते पाय आपटतंय?" म्हणत त्यांनी डोळे उघडले. बघतात तर काय, ससुली! तिची पाठ सुतारपक्ष्याकडे आणि पाय मात्र अगदी त्याच्या ठेक्यात. त्याने लय वाढवली, हिनेही वाढवली. तो थांबला, हीही थांबली.

बाई भुर्रकन तिच्यासमोर येऊन बसल्या. "अगं, तुला कळलं कसं?"

"पायांना कळलं, बाई," ससुली घाबरत म्हणाली. "हा ओंडका आतून थरथरतो. हिरवळीवर काहीच कळत नाही हो."

"अगंबाई!" मैनाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. "म्हणजे मीच तुला डोळे मिटायला लावले, मीच तुला मऊ गवतावर बसवलं आणि वर म्हणत राहिले की तुला जमत नाही! उठा रे सगळे! आजपासून वर्ग ओंडक्यावर भरेल. आणि डोळे उघडे ठेवायचे!"

"तिच्या एकटीसाठी अख्खा वर्ग हलवायचा?" कोल्होबा कुरकुरला.

"हलवायचा! आणि सुरुवात तुझ्यापासून. ऊठ बघू!"

मग गंमतच झाली. बेडूक नेहमी घाई करून सगळ्यांच्या पुढे पळायचा, तो आता इतरांकडे बघत सांभाळून गाऊ लागला. कोल्होबाचा ठेका दरवेळी सुटायचा, तोही पायांतून पक्का झाला. त्याने ते कबूल मात्र केलं नाही हं!

संमेलनाच्या दिवशी सारं जंगल लोटलं. ससुलीने ओंडक्यावर पायाने ठेका दिला आणि वर्गाने असं काही गाणं म्हटलं की पाहुण्या गजराजांची मान डोलायची थांबेना. गाणं संपलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! ससुली मात्र सगळ्यांकडे टकमक बघत उभी. तिला कुठून ऐकू येणार? मैनाबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्या ओरडल्या, "मंडळी, टाळ्या नकोत. पाय आपटा, पाय!"

आधी गजराजांनी आपटला, मग गव्यांनी, हरणांनी, माकडांनी. जमीन दणाणली, ओंडका थरथरला. ससुलीच्या तळपायांपासून कानांच्या टोकांपर्यंत शहारा गेला. "आल्या, बाई, टाळ्या आल्या!" म्हणत ती उड्याच मारू लागली.

तात्पर्य : मुलाला वर्गाच्या मापाचं करत बसू नये. वर्गच मुलाच्या मापाचा करावा, म्हणजे सगळ्यांनाच त्यात ऐसपैस बसता येतं.