विलायतेची पेटी

राजेसाहेब सहा महिन्यांसाठी विलायतेला निघाले आणि अख्खं भीमगड हरखून गेलं. यसबा सुताराला हुकूम सुटला, "पेटी एकच हवी! जाताना ठासून भरलेली, तरी येताना राणीवशाच्या सगळ्या भेटवस्तू तिच्यातच मावल्या पाहिजेत. नाहीतर दुकानाला टाळं!"

यसबा हबकला. त्याची सून गोदू मात्र नेहमीच्याच मापाची पेटी घेऊन दरबारात आली.

"एवढीशी?" राजेसाहेब गरजले.

"पुरते की, सरकार! अर्धीत कपडे भरा, अर्धीत डिंकाचे लाडू. येईस्तोवर लाडू संपतील, तिथं भेटवस्तू मावतील."

"मग याहून मोठीच का नको?"

"मोठीत लाडूही जास्त मावतील, सरकार. मग येताना पेटी पुरेल, पण अंगरखा पुरायचा नाही!"

राजेसाहेबांनी हळूच पोट आत ओढलं आणि तीच पेटी उचलायला सांगितली.