धुरपा बोहारीण आणि बिनडोळ्याचा पोपट

खूप खूप वर्षं झाली. किती, ते विचारू नका. तेव्हाच्या विहिरीसुद्धा आता बुजल्या. त्या काळी लोणवाडीच्या पंचक्रोशीत धुरपा नावाची एक बोहारीण फिरायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला जुन्या कपड्यांचं बोचकं. जुनं लुगडं द्या, पातेलं घ्या, असा तिचा धंदा. तशा बोहारणी पुष्कळ होत्या, पण धुरपाची गोष्ट वेगळी. डोळे मिटून तिच्या हातात कशिद्याचं कापड द्यावं आणि तिनं सांगावं, हे किती वर्षांचं, कुठल्या गावचं, भरणारी डावरी होती की उजवी. एकदा तर एका चोळीवर बोट फिरवून, ही भरताना बाई हसत होती, असंही तिनं सांगितलं, असं म्हणतात. आता टाक्यातलं हसू बोटाला कसं लागतं, देव जाणे.

कापड हाती आलं की ती आधी ते उलटं करायची. मागच्या गाठी बघायची. धागा हातावर कातलेला की गिरणीचा, ते चिमटीत पिळून बघायची. मग शिवणीच्या दुमडीत डोकवायची, कारण तिथे ऊन पोचत नाही आणि मूळ रंग तसाच राहतो.

लोणवाडीत आवडी नावाची तिशीची एक बाई होती. दुष्काळाच्या साली लोक गावं सोडून चालले होते, तेव्हा ती बाजारतळावरच्या चिंचेखाली तान्ही सापडली. एका तेली जोडप्यानं तिला वाढवलं, गावातच लग्न लावून दिलं, आणि पुढे ती दोघंही गेली. पंचमीला सगळ्या सासुरवाशिणी माहेरी निघाल्या की आवडी पाणवठ्यावर एकटी उरायची. "तुजं माहेर चिंचेखाली," असं बायका चिडवायच्या. ती हसायची, पण तिला ते फार लागायचं. सापडली तेव्हा अंगावर असलेली कुंची, एवढीच वस्तू तिच्याजवळ होती. डोक्यावरून पाठीवर येणारी इवलीशी कुंची. तिच्यावर लाल-निळी फुलं आणि कपाळावर एक हिरवा पोपट.

एके दिवशी तिनं ती धुरपापुढे ठेवली. "मावशी, एवढं सांगा, माजं माहेर कुठलं?"

धुरपा अस्तर उसवायला गेली तशी आवडीनं तिचा हात धरला. "उसवू नगा. एवढंच हाय माज्याजवळ."

मग धुरपानं वरूनच पाहिलं, आणि चुकली. म्हणाली, "बाई, ही फुलं साठ वर्सांची हायेत. हातावरचं सूत, झाडाच्या मुळीचा लाल रंग. तू तर तिशीची. ही कुंची कुणाची तरी जुनी हाय. हिच्यावरनं तुजं माहेर न्हाई सापडायचं."

आवडी कुंचीची घडी घालून निघून गेली.

धुरपा पुढच्या गावच्या वाटेला लागली. दोन कोस गेली असेल नसेल, तोच मागून एक बाई धापा टाकत आली. सकाळीच तिनं जुनं लुगडं देऊन कढई घेतली होती. "ही घे तुजी कढई, आन् माजं लुगडं दे. लेक बाळंतपणाला आलीया. नवं कापड बाळाला बोचतंय, आजीच्या लुगड्याचंच दुपटं लागतंय."

धुरपानं लुगडं दिलं आणि कपाळावर हात मारला. सारा जन्म जुन्या कपड्यांत काढला, आणि बाळासाठी मुद्दाम जुनंच कापड घेतात, एवढं साधं तिच्या ध्यानात आलं नव्हतं! ती भर उन्हात माघारी फिरली. ते दोन कोस तिनं सात पावलांत कापले, असं म्हणतात. सात नसतील, पण बाई पळाली हे खरं.

"आता मला अस्तर उसवू दे," ती आवडीला म्हणाली. आवडी बराच वेळ कुंची छातीशी धरून बसली. मग तिनं स्वतःच कात्री आणून दिली.

आत शिवणीपाशी फुलं अर्ध्यात कापलेली होती. म्हणजे कुणा आजीचा कशिद्याचा शेला फाडून ही कुंची शिवली होती. शेला साठ वर्षांचा, पण शिवणीचा दोरा गिरणीचा, दुष्काळाच्या सालचा. पोपटही त्याच नव्या दोऱ्यानं भरलेला. त्याला डोळा नव्हता. झिजला असेल, असं धुरपाला आधी वाटलं होतं. आता मागून पाहिलं, तर तिथे सुईचं भोकच नव्हतं. डोळा कधी भरलाच नव्हता.

धुरपा ताडकन उठली. "घाटापल्याड आडदरं हाय. तिथं पोपटाचा डोळा बारशाच्या दिवशी आत्या भरती, आन् मग नाव ठेवती. बाई, तुजं बारसंच ऱ्हायलंय."

दोघी आडदऱ्याला गेल्या आणि दुष्काळात कुणाची तान्ही लेक हरवली, ते घरोघर विचारत फिरल्या. एका दारात कोंडाई नावाची म्हातारी बसली होती. तिनं कुंची हातात घेतली आणि फुलांवरून बोट फिरवलं. "ह्यो शेला माज्या आईचा," ती म्हणाली. दुष्काळात तिचा भाऊ बायको आणि अकरा दिवसांची लेक घेऊन पोटासाठी बाहेर पडला होता. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. वाटेत काय झालं कुणास ठाऊक, कुणीच परतलं नाही. "नाव मी ठरवलं हुतं," कोंडाई म्हणाली. "तीस वर्सं घरातल्या दुसऱ्या कुठल्या पोरीला ते ठेवू दिलं न्हाई."

तिशीची बाई पाळण्यात कशी मावणार? गावच्या बायकांनी तिला कोंडाईच्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं. धुरपानं सुईत काळा दोरा ओवून दिला. कोंडाईनं डोळा भरला, कुंची आवडीच्या कपाळावर ठेवली, कानात कुर्रर्र केलं आणि मोठ्यानं नाव घेतलं, "मंजुळा!" त्याच क्षणी पोपटानं पापणी लववली, असं म्हणतात. मंजुळा मात्र ओक्साबोक्शी रडत होती, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही.

धुरपा पुढे कधी आणि कुठे गेली, ते कुणाला ठाऊक नाही. पण आडदऱ्यात आणि लोणवाडीत अजूनही कुंचीचं अस्तर पुरतं शिवत नाहीत. मानेपाशी दोन बोटं जागा उघडी ठेवतात, तिला 'धुरपाचं दार' म्हणतात. मूल हरवलंच, तर बघणाऱ्याला आत बघता यावं, काही उसवावं लागू नये. बारशाला आत्या आधी त्या फटीत बोट घालून बघते. दार मोकळं असेल तरच ती पोपटाचा डोळा भरते, आणि मग बाळाचं नाव घेते.