केवढी झाली असेल

“मग स्वामीजी, व्हॅल्यू की ग्रोथ?”

नमस्कार राहिला बाजूला, प्रश्नच आधी आला. नीळकंठ सबनीसांना दम कुठला!

अच्युतस्वामी मठाच्या ओसरीवर पावटे सोलत बसले होते. पूर्वाश्रमी ते मुंबईत एक मोठा फंड सांभाळायचे. आता वाईच्या घाटावर पावटे सांभाळतात. तरी लोक शोधत येतातच.

“तुला काय वाटतं?”

झालं! निवृत्त इंजिनिअर, त्यात पेन्शनरांच्या कट्ट्यावरचे गुंतवणूकगुरू. सबनीस सुटलेच.

“ग्रोथवाला उद्या वाढणाऱ्या कंपनीला आजच चढा भाव देतो. व्हॅल्यूवाला चांगली पण दुर्लक्षित कंपनी स्वस्तात उचलतो नि वाट बघतो. इंडेक्स फंड निवडानिवड करतच नाही, निर्देशांकातल्या सगळ्याच कंपन्या घेतो. आणि लवकर लागणारे पैसे शेअरमध्ये ठेवायचेच नाहीत. ते लिक्विड फंडात, हवे तेव्हा काढता येतात. कट्ट्यावर सगळ्यांकडून घोकून घेतलंय मी हे!”

“छान. आणि हे तुझे पैसे कशासाठी?”

“ऑस्ट्रेलियात, पर्थला जायला. लेक असते तिथे. मी नि ही, दोघं जाणार.”

“कधी?”

“बाजार जरा वर गेला की.”

“गेल्या वर्षी होता की वर.”

“तेव्हा चढत होता ना! चढत्या फंडातून कोण काढतं?”

“आणि त्याच्या आधी?”

“तेव्हा पडला होता. तोट्यात कसा काढू?”

स्वामींनी एक शेंग सोलली.

सबनीस उगाच चुळबुळले. नात पूर्वी फोनवर विचारायची, “आजोबा, कधी येणार?” ते म्हणायचे, “लवकरच.” हल्ली ती विचारत नाही. हात हलवते आणि खेळायला पळते. पोरीला एकदा कडेवर घ्यायचं होतं त्यांना. त्यासाठी जीव नुसता तुटत होता, आणि हे कट्ट्यावर कुणाला सांगायची सोय नव्हती.

“नात केवढी आहे रे?” स्वामींनी विचारलं.

सबनीसांचा चेहरा खुलला. दाखवायला ते उठून उभेच राहिले. तळवा जमिनीकडे करून हात गुडघ्याच्या जरा वर धरला.

“एवढीशी! तिकडे निघाली तेव्हा विमानतळावर माझी पँट धरून उभी होती. सोडायलाच तयार नाही.”

“ते तेव्हाचं झालं. आता?”

हात थोडा वर गेला. थांबला. आणखी वर गेला, मग पुन्हा खाली आला...

फोनवर तिचा चेहरा तेवढा दिसायचा. दात पडलेले कळले होते, केस कापलेले कळले होते. उंची कुणी विचारलीच नव्हती. कडेवर घेण्याजोगी तरी राहिली असेल का ती?

हात कमरेपाशी अधांतरी राहिला. सबनीसांचे डोळे भरून आले. पण सवय कुठे सुटते?

“स्वामीजी... मग कुठल्या फंडात ठेवू?”

स्वामींनी शेंगांवरून नजर उचलली आणि त्या हाताकडे पाहिलं.

“हात खाली घेऊ नकोस. त्याच्याखाली तिला उभी कर, मग ये विचारायला.”