पालथी कढई

कातळवाडीच्या उगवतीला जो काळा, गोल, बोडका डोंगर दिसतो, त्याला पालथी कढई म्हणतात. पाहुणे फोटो काढू लागले की म्हातारे भिवा गुरव त्यांना सावलीत बसवतात आणि सांगतात, की ही खरोखरचीच कढई होती म्हणे, एका दात्याची.

दाता म्हणजे सरदार उधोजीराव. दुष्काळात त्यांना गरिबांची दया आली, असे सांगतात. दया कसली, मिरवायची हौस! लोकांच्या हाताला काम दिले, ते स्वतःच्या नावाची कमान उभारायचे. तेल दिले, ते त्याच कमानीवरच्या दिव्यांना. वैद्य आणला, तो आधी सरदारांचा जयजयकार करवून घेई आणि मग नाडी धरी. अन्नछत्राची कढई तर एवढी मोठी, की तिच्या चुलीसाठी गावातली सगळी लाकडे नि गोवऱ्या उचलून नेल्या. घरोघरच्या चुली विझल्या. पण उपकारच ते, बोलणार कोण?

अन्नछत्र उघडायचे, त्याच दिवशी पहाटे गावातल्या येसाईची सून बाळंत झाली होती. पोटात अन्न नाही, अंग गार पडत चाललेले. घरात मूठभर बाजरी होती, पण ती शिजवायला काटकी नव्हती. येसाई गाडगे घेऊन कढईपाशी गेली. पेज केव्हाच शिजली होती, माणसे पंगत धरून बसली होती, आणि चांदीचा डाव समोर ठेवून कारभारी पहारा देत होता.

"वाईच पेज द्या, कारभारी. सून हातची चाललीया."

"आधी सरकारांचा हात लागू दे. फेटा बांधत्यात."

येसाई थांबली. ऊन चढले, फेटा काही बांधून होईना. तिने पुन्हा विचारले तसा कारभारी खेकसला, "फुकटचं खायाचं, आन वर घाई!"

"तुज्या सरकाराच्या फेट्याला आग लागो," येसाई म्हणाली आणि गाडग्यासकट दोन्ही हात तिने उकळत्या पेजेत घातले. कातडी सोलवटली, पण गाडगे भरून निघाले. ते घेऊन ती घराकडे धावली. कारभारी सावरेपर्यंत सगळी पंगत उठली होती. ज्याला जे भांडे मिळाले ते त्याने कढईत बुडवले.

सून जगली. येसाईची बोटे मात्र पुन्हा कधी मिटली नाहीत.

उधोजीराव सजून आले तेव्हा बुडाची खरवड तेवढी उरली होती. "मग आम्ही काय वाढायचं?" ते गरजले.

हातांना ओला पाला बांधून येसाई परत आली होती. ती म्हणाली, "वाढायचं ऱ्हाऊ द्या. बसा शेवटाला, खरवड हाय, खावा."

सारा गाव हसला. संतापून उधोजीरावांनी कढई पालथी घालायला लावली. ती पडली तशीच दगड झाली, हत्ती लावूनही हलली नाही, असे सांगतात.

आजही कातळवाडीच्या भंडाऱ्यात ज्याने धान्य, सरपण किंवा औषध दिले असेल, त्याला शेवटच्या पंगतीत बसवून खरवड वाढतात. परवा एक साहेब सौरदिवे आणि फोटोवाला घेऊन आले होते. पानात खरवड पडताच ते कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि मग भाषणाला उभे राहिले. उष्टी काढणाऱ्या बाईने खराटा थेट त्यांच्या पायाशी आणला. "सायेब, बाजूला सरा," ती म्हणाली, "झाडायचं हाय."